डोमाजीच्या अंगठ्याची जाहीर पाहणी

माणसाचं शरीर त्याच्या एकट्याच्या मालकीचं असतं, हा गैरसमज फक्त डॉक्टर लोकांत आढळतो. मध्यप्रदेशातल्या आमच्या बालाघाटात, निदान आमच्या वार्डात, तो कधी रुजला नाही. आमच्याकडे धडधाकट शरीर ज्याचं त्याचं. पण त्याला एकदा जखम झाली की ते सार्वजनिक होतं, आणि त्या माणसाच्या लग्नात जे जे जेवले त्या सगळ्यांना ती जखम डोळ्यांनी पाहण्याचा हक्क पोचतो. (जे जेवायचे राहिले होते, ते आधी येतात.)

हे मी अधिकाराने लिहितो आहे. मी चंद्रशेखर, एका कचेरीतून बडे बाबू म्हणून निवृत्त झालेला, आणि डोमाजी गजभिये यांचा भिंतीला भिंत लागून शेजारी. डोमाजीभाऊंच्या उजव्या पायाच्या अंगठ्याला जखम झाली तेव्हा भेटीला येणाऱ्या जनतेची संपूर्ण व्यवस्था मी सांभाळली. मला कोणी नेमलं नव्हतं. नेमणुकीची वाट पाहत बसलं तर कामं होत नाहीत, हे नोकरीत नाही तरी निवृत्तीनंतर माझ्या लक्षात आलं.

भाऊ रेल्वेत चाबीवाला होते. म्हणजे खांद्यावर हातोडा टाकून रुळाच्या कडेकडेने चालायचं आणि ढिली झालेली चाबी दिसली की ठोकून पक्की करायची. आधी छोटी लाइन होती, मग मोठी आली, भाऊ दोन्हीवर चालले. निवृत्त झाले तरी पाय घरात ठरत नव्हते. दर चौदा एप्रिलला जयंतीच्या मिरवणुकीत निळा झेंडा घेऊन सगळ्यांच्या पुढे तेच चालायचे. त्यांना पुढे कोणी केलं, कधी केलं, कोणालाच माहीत नाही. ते चालू लागायचे आणि बाकीचे आपोआप मागे राहायचे. वार्डात ज्या गोष्टीवरून आजवर भांडण झालं नाही अशी ही एकच गोष्ट. (दुसरी आठवली तर जरूर कळवीन.)

यंदा जयंतीला अजून बरेच दिवस होते तेव्हा त्यांचे जावई महेंद्र यांनी सासऱ्यांसाठी नवे चामडी सँडल आणले. महेंद्र वारासिवनीला एका राइस मिलमध्ये मुनीम आहेत आणि सगळं मोजून करतात. फक्त सासऱ्याचा पाय मोजला नव्हता. सँडल एक नंबर लहान निघाले. आता जावयाने आणलेली वस्तू लहान आहे असं तोंडाने म्हणण्याची आमच्यात पद्धत नाही. अशा वेळी पाय मोठा आहे असं धरून चालतात.

भाऊंनी ते सँडल घालून मिरवणुकीचा सराव सुरू केला. शुगरमुळे त्यांच्या तळपायाची जाणीव आधीच गेलेली. सँडल चावत होता, यांना पत्ता नव्हता. एक दिवस शेवंताबाईंना, म्हणजे त्यांच्या कुटुंबाला, मोज्यावर रक्त दिसलं. मोजा काढला तर अंगठ्याच्या बाजूला रुपयाएवढी जागा उघडी पडलेली.

"मायबाई! एवढं होऊन राह्यलं अन् तुमाले समजलं नाई?" शेवंताबाई ओरडल्या. भाऊ म्हणाले, "दुखलंच नाई तं समजन कसं?"

दवाखान्यात डॉक्टर मंजुषाबाईंनी जखम साफ केली, पट्टी बांधली आणि तीन गोष्टी सांगितल्या. शुगर ताब्यात ठेवा. पाय जमिनीला टेकवू नका. आणि पट्टी घरी उघडू नका. ती उघडायची तर इथे, सिस्टरच्या हाताने, ओली करून. मग भाऊंकडे पाहून म्हणाल्या, "जखम भरली तर एप्रिलमध्ये झेंडा तुमचा. नाही भरली तर अंगठा काढावा लागेल, आणि झेंडा दुसऱ्याच्या हातात द्यावा लागेल." भाऊंना अंगठ्याचं फार काही वाटलं नाही. झेंड्याचं ऐकलं तेव्हा मात्र तोंड उतरलं.

सुदैवाने त्याच सुमारास त्यांची नात, म्हणजे महेंद्ररावांची मुलगी मयुरी, जबलपूरहून सुट्टीवर आली होती. ती तिथे एम.एस्सी. करते आणि पेशी हाच तिचा विषय आहे. तिने ओसरीवर बसून आजोबाला जखम कशी भरते ते समजावलं. मीही होतो. तिची भाषा अर्धी हिंदी, अर्धी पुस्तकातली, म्हणून मी ते कचेरीच्या भाषेत मांडतो, म्हणजे सगळ्यांना कळेल.

जखम झाली की त्या जागी रक्ताची लाइन तुटते. तिथल्या पेशींना प्राणवायू कमी पडतो. मग त्या एक रसायन सोडतात, त्याचा मजकूर एवढाच: "इकडे पुरवठा बंद आहे, लाइन टाकावी." हा झाला अर्ज. त्याला तिकीट नाही, सोबत तीन प्रती नाहीत, कोणाची शिफारस नाही. हा अर्ज मांसातून झिरपत जवळच्या शाबूत रक्तवाहिनीपर्यंत पोचतो, आणि त्या वाहिनीच्या अस्तरातल्या पेशी तो आल्या आल्या वाचतात. (इथे मी मयुरीला थांबवून पाणी प्यालो.) अर्ज वाचला की अस्तरातली एक पेशी उठते, बोटं काढते आणि जिकडून अर्ज आला तिकडे सरकू लागते. पण निघण्याआधी ती दोन्ही बाजूंच्या शेजारणींना स्पर्श करून कळवते की मी पुढं चालली, तुम्ही मागं राहा. आणि त्या राहतात.

"भांडत नाहीत?" मी विचारलं.

"नाई बाबूजी. जिले सिग्नल जास्त भेटला, ती पुढं. बाकीच्या तिच्या मागं मागं वाढत जातात, त्याचीच नळी बनते. सगळ्याच पुढं गेल्या तं नळी बनेलच नाई ना."

"अन् मागच्याइले वाईट नाई वाटत?"

"सेल है बाबूजी, समितीचे मेंबर थोडी है."

हा टोमणा आमच्या वार्डाच्या उत्सव समितीला होता हे मला कळलं. समितीत एक अध्यक्ष आणि सतरा उपाध्यक्ष आहेत. सदस्य नाहीत. कोणी सदस्य व्हायला तयारच झालं नाही.

पुढचं तर त्याहून अजब. दोन बाजूंनी दोन नळ्या वाढत आल्या की त्यांची गाठ घालून द्यायला एक फिरती पेशी मध्ये येते, दोघींना जुळवते आणि निघून जाते. म्हणजे मध्यस्थ. आमच्याकडे सोयरीक जुळवणारा मध्यस्थ धोतर, टोपी आणि मटणाचं जेवण घेतल्याशिवाय उंबरा ओलांडत नाही, आणि ही काहीच न घेता जाते. मग नळीतून रक्त वाहू लागतं, ती पक्की करायला बाहेरून आणखी पेशी येऊन बिलगतात, आणि पुरवठा सुरळीत झाला की अर्ज देणाऱ्या पेशी अर्ज देणं थांबवतात. हे शेवटचं मला काही केल्या खरं वाटेना. काम झाल्यावर तक्रार बंद करणारा अर्जदार मी अख्ख्या नोकरीत पाहिला नाही.

"पण शुगर असली की हा सिग्नल कमजोर पडते," मयुरी म्हणाली. "म्हणून टाइम लागते, आबाजी. अन् नवीन नसा केसाहून बारीक असतात. पट्टी ओढली की पट्टीसोबतच उपटून येतात. फिर से जीरो से चालू. म्हणून उघडाची नाई. आंदर काम चालू राहते, आपल्याले दिसत नाई, बस."

भाऊंनी सगळं लक्ष देऊन ऐकलं. चाबीवाल्याला लाइन टाकणं समजतं. पट्टीकडे पाहून ते म्हणाले, "म्हंजे आंदर ग्यांग लागली म्हणाची." त्या दिवशी त्यांना बरं वाटलं.

येथवर आतल्या कारभाराचं झालं. आता बाहेरचा सांगतो, कारण संदेशवहनात आपण पेशींहून फार पुढे आहोत, याची नोंद कुठेतरी व्हायला पाहिजे.

भाऊंचा पुतण्या पियुष याने पहिली पट्टी बांधली जाण्याआधीच जखमेचा फोटो काढून कुटुंबाच्या ग्रुपवर टाकला होता. मयुरीच्या रसायनाला बोटभर अंतर कापायला कितीतरी वेळ लागतो. पियुषचा फोटो चहा उकळेस्तोवर वारासिवनी, कटंगी, हट्टा, गोंदिया आणि नागपूर इथे पोचला. शिवाय पेशींचा संदेश लांब जाईल तसा फिका पडतो, हा त्यांच्यातला मोठा दोष आहे. आपला लांब जाईल तसा ठसठशीत होतो. बालाघाटात जो अंगठा होता तो वारासिवनीत पाऊल झाला, हट्ट्याला पोचेपर्यंत गुडघा झाला, आणि नागपूरहून एकाने मला फोन करून विचारलं की कार्यक्रम घरी ठेवला आहे की हॉलमध्ये.

हट्ट्याहून भाऊंची थोरली बहीण तुळसाबाई आली. गल्लीच्या तोंडापासूनच तिने हंबरडा फोडला होता. दारात येऊन पाहते तर भाऊ खाटेवर बसून चहात पाव बुडवून खात होते. तिची जरा पंचाईत झाली. सुरू केलेलं रडणं असं मध्येच कसं थांबवणार? तिने ते तसंच चालू ठेवून पदराने डोळे पुसले आणि म्हणाली, "दाखव बरं डोमा, किती राह्यला ते."

आणि पट्टी उघडली गेली.

इथे एक सामाजिक नियम समजून घेतला पाहिजे. आमच्यात दुखण्याला भेट न देणं हा गुन्हा आहे. भाऊंच्या एका मामेभावाने पूर्वी कोणाच्या तरी हर्नियाला भेट दिली नव्हती. त्याच्या घरच्या लग्नात त्या बाजूची माणसं आजही नुसता भात खाऊन उठतात. म्हणून भेट सक्तीची. पण नुसती भेट धरली जात नाही. भेटून गेलेल्या माणसाला परत गेल्यावर चार जण विचारतात, "कसं आहे?" तेव्हा "पट्टी होती" असं सांगणाऱ्याची काय इज्जत राहते? त्याचं बसभाडं वाया गेलं असंच लोक म्हणणार. म्हणून पाहावं लागतं. माझ्या पाहणीनुसार शंभरातले नव्वद जण "पाहू द्या बरं" म्हणाले आणि उरलेल्या दहांनी न विचारता हात घातला.

भेट देणारा केळी किंवा बिस्किटाचा पुडा ठेवतो, "काहून झालं असं?" विचारतो, उत्तर येण्याआधी स्वतःच ते देतो, आणि मग आपल्या ओळखीच्या अशा माणसाची हकिगत सांगतो ज्याचं अगदी एवढंच होतं आणि पाय गेला. कोणाचा साळा, कोणाचा साडू, कोणाच्या घरमालकाचा भाऊ. त्या खाटेशेजारी जेवढे पाय कापले गेले ते सगळे खरे मानले तर बालाघाट जिल्ह्यात चपलांचं एकही दुकान चालायला नको. त्यानंतर पट्टी उघडायची, जीभ टाळ्याला लावून च् च् करायचं, आणि "चांगलं आहे, काई नाई होत" म्हणून चहा घ्यायचा. यात वाईट हेतू कोणाचाच नव्हता. सगळी मायेची माणसं. हट्ट्याची तुळसाबाई तर भावाची जखम पाहताना खरोखर थरथरत होती, आणि थरथरत्या हाताने पट्टी ओढली की ती जास्त ओढली जाते.

भाऊ नाही म्हणू शकत नव्हते. "आले तं पाहू द्या," म्हणायचे. "भाडं खर्चून आले बिचारे."

वाळलेली पट्टी ओढून काढली की कापडाला लाल ठिपके दिसायचे. पाहणारे म्हणायचे, "रक्त आहे म्हंजे जीव आहे." मयुरी ते ठिपके पाहून आत निघून जायची. एकदा तिने स्वयंपाकघरात आजीला म्हटलेलं मी ऐकलं, "आजी, ते रक्त नाई वो. जेवढं काम आंदर झालतं तेवढं समदं बाहेर आलं."

मग मयुरी माझ्याकडे आली. "बाबूजी, तुमचं लोक ऐकतात. सांगा ना त्याइले, उघडू नका म्हणून."

एवढ्या शिकलेल्या मुलीने हात जोडल्यावर मला वाईट वाटलं आणि मी तडक सुधारणा लागू केली. यापुढे पट्टी येईल त्याच्यासाठी उघडली जाणार नाही. सकाळी एकदा आणि संध्याकाळी एकदा अशी सामुदायिक पाहणी होईल. बाया आधी, पुरुष नंतर, चष्मेवाले पुढे. त्यामुळे उघडण्याच्या संख्येत लक्षणीय घट अपेक्षित होती. मयुरी म्हणाली, "बाबूजी, मी बंद करा म्हटलं होतं." मी तिला समजावलं की कोणतीही प्रथा एकदम बंद करता येत नाही, आधी तिला वेळापत्रक द्यावं लागतं.

वेळापत्रक उत्तम चाललं, अपवाद सोडून. अपवाद असे: लांबून आलेले, शेवटची बस पकडायची असलेले, वयस्कर, गरोदर, काल आलेले पण गर्दीत नीट न दिसलेले, आणि जावई. महेंद्रराव वारासिवनीहून मोटारसायकलने भलत्याच वेळी आले. त्यांना कोणत्या तोंडाने सांगणार की पाहणी संध्याकाळी आहे? मयुरी दारात आडवी उभी राहिली. "पप्पा, नाई." महेंद्रराव म्हणाले, "अवं, माह्याच सँडलनं झालं ना? मले पाहाले नको का, किती लागलं ते?" त्यांचे डोळे भरून आले होते. मुलगी बाजूला झाली. सँडल आणणाऱ्यालाच जखम दाखवायची नाही, हे कोणालाही न्यायाचं वाटलं नसतं.

असं असूनही मधले काही दिवस भाग्याचे गेले. कोणाच्या तरी घरी लग्न निघालं, सगळी पाहुणे मंडळी तिकडे वळली, आणि अंगठा कोणाच्या लक्षात राहिला नाही. शेवंताबाईंनी पट्टीवर आपल्या जुन्या लुगड्याचा तुकडा शिवून टाकला आणि दोरा दाताने तोडला. भाऊ खाटेवर पाय उशीवर ठेवून पडून असत. कधी कधी मी खिडकीतून पाहिलं तर ते हळू आवाजात पायाशी बोलत असत, जसे पूर्वी रुळावरच्या ग्यांगशी बोलायचे. "चालू द्या, चालू द्या. घाई नाई."

मग दवाखान्यात सिस्टरने पट्टी ओली करून सोडवली, आणि डॉक्टर मंजुषाबाई वाकून पाहतच राहिल्या. जखमेच्या तळाला लाल दाणेदार मांस आलं होतं, ओलं, चमकणारं. मयुरी जवळजवळ किंचाळली, "आबाजी! नसा आल्या! देखो ना, पूरी लाल है!" डॉक्टरबाई म्हणाल्या, "असंच राहू द्या. याला हात लावू नका. झेंडा तुमचाच." भाऊंनी सिस्टरला, मला आणि ऑटोवाल्याला जय भीम केला. परत येताना ते इतकं बोलले की ऑटोवाला वाट चुकला.

अशी आनंदाची बातमी दाबून ठेवायची म्हणजे पाप. पियुषने ग्रुपवर टाकली: "काकाजीच्या अंगठ्यात नवीन नसा आल्या. डॉक्टर पण हैरान." मीही माझ्या परीने चौकात सांगितली.

जखम वाईट असताना जे आले होते ते सगळे परत आले, आणि जे आले नव्हते तेही आले. वाईट जखम काय, कोणाचीही पाहता येते. नवीन नस फुटलेली जखम आमच्यापैकी कोणी पाहिली नव्हती. लुगड्याचे टाके उसवले. माझं वेळापत्रक पहिल्याच सकाळी मोडलं. एकाने मोबाइलची बॅटरी लावून पाहिलं, एकाने बोटाने दाबून नस मऊ आहे का टणक याची खात्री केली, एकाने शाबासकी म्हणून त्यावर हळद टाकली. सगळे खूश होते. तुळसाबाईने भावाच्या डोक्यावरून हात ओवाळून बोटं मोडली, दृष्ट काढली. घरात एवढा आनंद मी फार दिवसांनी पाहत होतो, आणि गर्दीत मागे अडकल्यामुळे मला स्वतःला नीट काही दिसलं नाही, म्हणून सगळे गेल्यावर मी एकदा पाहून घेतलं. (व्यवस्थेत असलेल्या माणसाला तेवढं चालतं.)

त्यानंतर जखम आधी पिवळी पडली आणि मग कडेने काळी झाली. वास येऊ लागला. मयुरीने आजोबाला ऑटोत घातलं आणि दवाखान्यात नेलं. या वेळी तिने मला बोलावलं नाही, पण मी गेलो.

दवाखान्यात भाऊंना आतल्या खोलीत नेलं आणि दार लावून घेतलं. आत डॉक्टर, सिस्टर, मयुरी आणि शेवंताबाई. बाहेर मी आणि वार्डातले जेवढे मावले तेवढे. बऱ्याच वेळाने दार उघडलं तेव्हा भाऊंच्या पायाला बोटांपासून गुडघ्यापर्यंत पांढरं प्लास्टर होतं. बोटंसुद्धा झाकलेली.

मी पुढे होऊन विचारलं, "अंगठा आहे का गेला?"

डॉक्टर मंजुषाबाई म्हणाल्या, "पेशंटची तब्येत ठीक आहे."

असलं उत्तर मी नोकरीत हजारो लोकांना दिलेलं आहे, त्यामुळे त्यातून पुढे काही निघत नाही हे मला लगेच कळलं. प्लास्टर मीच कापीन आणि मीच बांधीन, असं बाईंनी सांगितलं. "आता ओढून दाखवा कोणी," हे त्या हळू आवाजात म्हणाल्या, पण मला ऐकू आलं.

वार्डात दोन तट पडले. एक म्हणे अंगठा गेला, म्हणून लपवतात. दुसरा म्हणे अंगठा आहे, म्हणून लपवतात. शेवंताबाईंना विचारलं तर त्या म्हणायच्या, "चहा घ्या." मयुरीला विचारलं तर ती म्हणायची, "बाबूजी, आंदर काम चालू आहे." भाऊंना विचारलं तर ते छताकडे पाहायचे.

चौदा एप्रिल आली. झेंडा कोणी धरायचा यावर समितीची बैठक झाली होती आणि तिचा निकाल लागला नव्हता. शेवटी काठी एक आणि धरणारे सात अशी मिरवणूक निघाली. आमच्या गल्लीत सात माणसं एका रांगेत मावत नाहीत, म्हणून ते सातही जण खांदा तिरपा करून चालत होते आणि मागचे थांबून थांबून येत होते. भाऊंच्या दारापाशी आल्यावर मिरवणूक आपोआप थांबली. भाऊ दाराच्या आत खुर्चीवर बसले होते, पांढरा सदरा घालून, प्लास्टरचा पाय स्टुलावर. सगळे जय भीम करून आत शिरले. आता दाराशी आलोच आहोत तर भेट राहायला नको.

पाहायला काही नव्हतं. पांढरं प्लास्टर. लोक त्याच्याभोवती उभे राहिले, च् च् करायला तोंडं तयार होती, पण कशावर करणार? तुळसाबाई खाली बसली आणि नारळ वाजवून पाहावा तसं तिने प्लास्टर बोटाने ठोकून पाहिलं.

"आंदर आहे का रे, डोमा?"

भाऊ तिला म्हणाले, "बाई, आंदर लोकं कामावर आहे. त्याइले काम करू दे."

मग त्यांनी बाहेर त्या सात जणांच्या हातातल्या काठीकडे पाहिलं, आणि एवढा मोठा चाबीवाला माणूस, उन्हापावसात रुळावर चाललेला, सगळ्यांसमोर रडू लागला. "मले धराचा होता वो झेंडा," ते म्हणाले. "सारे माह्या पायाले पाहाले आले. कोणी वाईट मनानं नाई आलं, मले माहीत आहे. पण तुम्ही माह्या पायाले थोडं एकलं सोडलं असतं ना, तं मी आज तुमच्या पुढं असतो."

बाहेरचा बँड कोणीतरी थांबवला. महेंद्ररावांनी मान खाली घातली. तुळसाबाईने ठोकलेलं बोट पदरात लपवलं. मग शेवंताबाई उठल्या, माणसांना हाताने मागे सारत बाहेर काढलं, आणि दार लावून घेतलं. त्या दाराला आतून कडी आहे हे वार्डाला त्या दिवशी कळलं.

मिरवणूक पुढे गेली. एकाने पुढे व्हावं आणि सहांनी मागे राहावं हे त्या सातही जणांना पटलं होतं, फक्त तो एक कोण यावर चौकापर्यंत एकमत झालं नाही.

आता हे वाचून तुम्ही म्हणाल, काय हे लोक! एवढी साधी गोष्ट कळू नये? पट्टी उघडायची नाही, संपलं! तुमचा राग मला मान्य आहे. फक्त व्यवस्थापक या नात्याने एक बाब नजरेस आणून देतो. डॉक्टरबाईंनी पट्टी उघडू नका म्हटलं, ते मी तुम्हाला सुरुवातीलाच सांगितलं होतं. त्यानंतर तुळसाबाईंसाठी ती उघडली, जावयासाठी उघडली, सगळ्या वार्डासाठी उघडली, आणि दर वेळी तुम्ही माझ्या खांद्यावरून वाकून पाहिलंत. एकदाही "बाबूजी, राहू द्या" असं मला ऐकू आलं नाही.

आणि आताही मिरवणूक निघून गेली, भाऊ रडले, दार लागलं, तरी तुम्ही अजून इथेच आहात. कशासाठी थांबलात ते मला माहीत आहे. अंगठा आहे का गेला, एवढं कळलं की निघणार.

कडी आतून आहे. चपला घाला.